लाल दोऱ्याची खूण

सोमवार, ८ जानेवारी

ही वही आत्याच्या पायाची आहे. जखमेची नोंद ठेवणारा एक माणूस घरात असला की अर्धं काम झालं, असं मास्तर म्हणाले. म्हणून येताना दोनशे पानी वही घेतली. माझं अक्षर बरं आहे आणि मी खाडाखोड करत नाही.

आत्याच्या डाव्या पायाला, घोट्याच्या वर आतल्या बाजूला जखम आहे. तिला दोन वर्षं चार महिने झाले. आतापर्यंतचे उपाय असे: पिवळं मलम, जांभळं औषध, शेजारणीच्या बहिणीनं दिलेली पूड आणि ‘बसेल आपोआप’. भोवतीची कातडी तपकिरी पडली आहे. संध्याकाळपर्यंत पाय सुजतो. आत्या एकवीस वर्षं आमच्या लाँड्रीत इस्त्रीपुढे उभी आहे. चार वर्षांपूर्वी काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेले, दुकानात माणूस हवा होता, तेव्हा नववीत माझी शाळा सुटली. कपडे आणणं, पोचवणं आणि प्रत्येक कपड्यावर गिऱ्हाइकाची खूण घालणं ही माझी कामं.

मास्तर म्हणजे दवाखान्यात ड्रेसिंग करणारे. हात चालू असताना तोंडानं समजावून सांगतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी सांगितलं ते असं: पायातलं रक्त वर चढावं म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. उभं राहून राहून त्या ढिल्या पडतात, रक्त खाली साचतं, कातडी कमजोर होते आणि साध्या खरचटण्याची अशी जखम होऊन बसते. ती मलमानं भरत नाही. बाहेरून दाबपट्टी बांधली तर भरते. आत्या म्हणाली, म्हणजे नळ वर गळतोय आणि मी दोन वर्षं फरशी पुसतेय. मास्तर खूप हसले.

दाबपट्टी बांधण्याआधी पायात रक्त नीट उतरतंय का ते बघावं लागतं. दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून दाब मोजतात, घोट्याची नाडी एका छोट्या यंत्रानं ऐकतात, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागतात. उत्तर एकच्या आसपास आलं की पाय उत्तम. मास्तरांनी यंत्र खणात शोधलं, पण ते दुरुस्तीला गेलं होतं. मग त्यांनी आत्याच्या पावलावर दोन बोटं ठेवली, थोडा वेळ डोळे मिटले आणि कार्डावर लिहिलं: डावा पाय १.०. अनुभवी माणसाला यंत्र लागत नाही.

दवाखाना दहा मिनिटांवर आहे, पण आम्हांला पंचवीस लागली. आत्याला अलीकडे पाट्या वाचायचा नाद लागला आहे. शिंप्याच्या दुकानापाशी थांबली आणि म्हणाली, "बघ रे, बरोबर लिहिलंय का?" पाटीवर ‘शीलाई’ होतं. मी चूक सांगितली. पुढे चाव्या करणाऱ्यापाशी थांबली, मग औषधाच्या दुकानापाशी. शुद्धलेखनात मी वर्गात पहिला यायचो हे तिच्या लक्षात आहे, याचं बरं वाटलं.

गुरुवार, ११ जानेवारी

आज मास्तरांनी पट्टी माझ्या हातात दिली. नियम: आधी कापसाचा थर. मग बोटांच्या मुळापासून सुरुवात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा. टाच उघडी ठेवायची नाही. ताण सगळीकडे सारखा. गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं. एकही सुरकुती नको.

सुरकुती काढणं मला कुणी शिकवायला नको. मास्तर म्हणाले, दहा वर्षांत असा हात पाहिला नाही. ही जखम भरून आणलीस तर तिचे कागद घेऊन ये, मोठ्या रुग्णालयात ड्रेसिंगचं प्रशिक्षण असतं, तिथं मी शब्द टाकतो. आठवी पास पुरते.

आत्याला घरी येऊन सांगितलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "बांध बाबा. भरूनच टाक एकदाची."

सोमवार, १५ जानेवारी

जखम मोजायची माझी पद्धत मास्तरांना आवडली. इस्त्री केलेले शर्ट ज्या पारदर्शक पिशवीत घालतो ती उकळलेल्या पाण्यानं धुऊन, वाळवून जखमेवर धरायची. न पुसणाऱ्या पेनानं कड गिरवायची. मग पिशवी आलेख कागदावर ठेवून चौकटी मोजायच्या. अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट एक धरायची.

आज १८.

सोमवार, २२ जानेवारी

आज १६.

पायाखाली दोन उशा द्यायच्या असतात. मी रोज देतो. सकाळी बघतो तर उशा जमिनीवर आणि आत्याचा पाय पलंगावरून खाली लोंबकळलेला. झोपेत लोळते. दुसऱ्या पावलापेक्षा हे पाऊल गार लागतं, म्हणून लोकरी मोजा आणला.

सोमवार, २९ जानेवारी

आज १३. मास्तरांनी बाकावर बसलेल्या सगळ्यांना माझी पिशवी दाखवली आणि म्हणाले, हे बघा, शिका काही. मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून हाक मारली. चेष्टाच होती, पण चांगली.

आत्या वाटेत पाच पाट्यांपाशी थांबली. दोन पाट्या आपण मागच्या वेळीच वाचल्या होत्या, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तेव्हा घाईत वाचल्या.

सोमवार, ५ फेब्रुवारी

१३. कमी झाली नाही. दोनदा मोजली. मोजण्यात चूक नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

१५.

मी काय चुकतोय ते कळत नाही. कापूस तोच, पट्टी तीच, वेढे तेवढेच. मास्तरांनी माझं बांधणं नीट पाहिलं आणि म्हणाले, तुझ्यात खोट नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पेशंट गोड बोलतात रे, आणि घरी जाऊन पट्टी सोडून ठेवतात. तुझ्या आत्यावर लक्ष ठेव."

घरी आल्यावर सरळ विचारलं. आत्या शर्टाची कॉलर दाबत होती. मान वर न करता म्हणाली, छे, मी कशाला सोडू. मला स्वतःची लाज वाटली.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

लाज वाटली तरी एक गोष्ट केली. पट्टी बांधून झाल्यावर दोन वेढ्यांच्या कडेवर पेनानं बारीक ठिपके दिले, अर्धा ठिपका या वेढ्यावर, अर्धा त्या. असे सहा. पट्टी सुटली नाही तर ठिपके अखंड राहतील. सोडून पुन्हा गुंडाळली तर जुळणं शक्य नाही. कपडे बदलू नयेत म्हणून गिऱ्हाइकाच्या जोडकपड्यांना आम्ही अशाच खुणा घालतो.

आत्या ठिपके द्यायच्या वेळी छताकडे बघत होती.

शनिवार, १७ फेब्रुवारी

जुळले नाहीत.

सहापैकी एकही नाही. गंमत म्हणजे सगळे अगदी जवळ जवळ होते, कुणाचं अंतर करंगळीएवढं, कुणाचं त्याहून कमी. पण जुळले नाहीत म्हणजे नाहीत.

मी हिच्यासाठी आठवड्यातून दोनदा पाणी उकळतो, पिशव्या धुतो, चौकटी मोजतो. आकडा वाढला तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही, ते तिनं पाहिलं. मी आपल्या हातांना दोष देत होतो आणि ती इस्त्री फिरवत म्हणत होती, छे, मी कशाला सोडू. परका माणूस खोटं बोलला तर समजतं. ही माझी आत्या आहे. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं, आणि खोटं बोलू नये हे मला शिकवलं तेही हिनंच.

मला वाटतं, मी दुकान सोडून जाऊ नये म्हणून ती जखम भरू देत नाही. दुसरं कारण सुचत नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज तिला बोललो. ठिपक्यांचं सांगितलं. ती नाही म्हणाली नाही. म्हणाली, "खाज सुटते रे." मी म्हटलं, मास्तरांकडे खाजेचं मलम मागता आलं असतं.

मग पट्टी बांधली. नेहमीपेक्षा ताण थोडा जास्त दिला, कारण मास्तरांनी सैल पडत असेल तर द्यायला सांगितला होता. वेढ्यांच्या कडा एकमेकींना लाल दोऱ्यानं शिवून टाकल्या. कॉलरच्या आत घालतो तसाच टाका, आमच्या घरच्या कपड्यांची खूण: दोन उभे, एक आडवा. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत अकरा खुणा घातल्या.

तिला म्हटलं, "शुक्रवारपर्यंत हा दोरा जसाच्या तसा दिसला पाहिजे. नाहीतर मी पुन्हा तुझ्या पायाला हात लावणार नाही."

आत्या म्हणाली, "नाही कापणार. शब्द देते."

शिंप्यालाही असा टाका जमणार नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

आत्या इस्त्री बसून करते आहे. आमचं बोलणं फक्त कपड्यांपुरतं. तिनं दोन शर्ट जाळले. याआधी तिच्या हातून शर्ट जळाल्याचं मला आठवत नाही.

पाय स्टुलावर ठेवायला सांगितला. ठेवते आणि मी वळलो की खाली सोडते. दोरा शाबूत आहे.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

दोरा शाबूत. जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, भूक नाही. कपाळ घामानं ओलं होतं. मी म्हटलं, दुखतंय का? ती म्हणाली, "उद्या शुक्रवार आहे ना?"

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सकाळी मोजा काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंनिळं होतं. बाकीची पांढरी. बोटानं दाबलं तर तिला कळलंच नाही.

मी कात्री उचलली. ती आत्यानंच माझ्या हातून घेतली आणि अकराही खुणा तिनंच कापल्या. एकदाही ओरडली नाही. कात्री पाचही दिवस तिच्या इस्त्रीच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर होती.

रिक्षानं मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरबाई आहेत. त्यांनी पाऊल हातात घेतलं आणि लगेच यंत्र मागवलं. दंडाला पट्टा, घोट्याला पट्टा. यंत्रातून उजव्या पायाचा आवाज फस् फस् असा नीट येत होता. डाव्याचा दूर कुठेतरी वारा वाहावा तसा आला. त्यांनी भागाकार केला. ०.५.

मी म्हटलं, चुकलं असेल, आमच्या कार्डावर १.० आहे. त्यांनी दोन्ही पाय पुन्हा मोजले. ०.५.

मग मला बसवून सांगितलं. आत्याच्या पायाला दोन दुखणी आहेत. शिरांच्या झडपा ढिल्या आहेत हे खरं. पण खाली रक्त नेणारी धमनीही मांडीत जवळजवळ बंद झाली आहे. वाढलेला रक्तदाब, वय, अशानं ती आतून चोंदते. रक्त आधीच कमी उतरत होतं, आणि त्यावर घट्ट पट्टी म्हणजे उरलेलंही बंद. अशा माणसाला चाललं की पोटरीत कळ येते, दर थोड्या अंतरावर थांबावं लागतं. आडवं झालं की पाय ठणकतो, खाली लोंबकळता सोडला की बरं वाटतं. पाऊल गार असतं. त्यांनी विचारलं, असं काही तुमच्या लक्षात आलं होतं का?

मी म्हटलं, मी सगळं लिहून ठेवलं आहे.

त्या म्हणाल्या, पट्टी उत्तम बांधली होती. बांधायला नको होती एवढंच.

रविवार, २५ फेब्रुवारी

वही पहिल्यापासून वाचली. पाट्या आहेत. उशा आहेत. गार पाऊल आहे, मोजा आणल्याची नोंदही आहे. यंत्र दुरुस्तीला गेलं होतं आणि कार्डावर १.० लिहिलं, ही दोन वाक्यं माझ्याच अक्षरात, एकाखाली एक आहेत. घोट्याला पट्टा बांधलाच नव्हता. मी समोर उभा होतो. कुठेही खाडाखोड नाही.

दुपारी मास्तर रुग्णालयात आले, फळं घेऊन. आत्याला नमस्कार केला, मला व्हरांड्यात नेलं. फार वाईट वाटतंय म्हणाले. यंत्र दोन महिने नाहीये, वर अर्ज केलेत, रोज चाळीस पेशंट, रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा होते, म्हणून सगळ्यांचाच भरतात. शंभरात एखादाच असा निघतो. मग म्हणाले, "ती तुझी वही आहे ना, ती इथं कुणाला दाखवत बसू नकोस. त्यात तुझी शिवणही लिहिलेली असेल. माझी नोकरी जाईल आणि तूही अडकशील. प्रशिक्षणाचं मी बोललोय, तुझं नाव घेतलंय त्यांनी."

मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हांला नाडी लागली होती का?"

ते म्हणाले, लागल्यासारखी वाटली.

हा माणूस मला डॉक्टरसाहेब म्हणायचा. आत्यावर लक्ष ठेव म्हणून मला यानंच सांगितलं. मी याचं ऐकून तिच्यावर ठिपके लावले.

सोमवार, २६ फेब्रुवारी

‘सगळ्यांचाच भरतात’ हे मास्तरांचं वाक्य डोक्यातून जात नाही. बाकावर माझी पिशवी बघणारे किती होते ते आठवलं. निदान सहा. त्यातल्या दोघांच्या पायांवर पट्टी होती.

वही डॉक्टरबाईंना दिली. शिवणीचं पान दुमडलं नाही. त्यांनी ८ जानेवारीचं पान दोनदा वाचलं, १९ फेब्रुवारीचंही वाचलं. मग वहीच्या पानांचे फोटो काढले, फोन उचलला आणि त्या दवाखान्यातल्या दाबपट्टीच्या सगळ्या पेशंटना पुन्हा मोजायला बोलवा, असं सांगितलं. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, २८ फेब्रुवारी

काल मांडीतली धमनी फुग्यानं उघडली. आत नळी घालून तिच्या टोकाचा फुगा फुगवतात. आज पाऊल गरम आहे. पुन्हा मोजलं, ०.९.

पाय राहिला. दोन बोटं गेली.

रविवार, ३ मार्च

आज आत्या उशीला टेकून बसली. मी इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते विचारलं. दुखत होतं तर सांगितलं का नाही? तिनं सांगितलं असतं तर ही बोटं राहिली असती, हेही बोललो. कठोर होतं, पण खरं आहे. अजूनही मला तिचा राग येतो.

ती म्हणाली, पहिले तीन आठवडे दात आवळून सोसलं. मग रात्री सोडायची आणि पहाटे मी उठायच्या आत गुंडाळायची. ठिपके पहिल्याच दिवशी दिसले होते. जन्मभर खुणा जुळवल्यात, सहा ठिपके जुळवता येतील असं वाटलं. "पण आता डोळे साथ देत नाहीत. फार वेळ बसले होते रे त्या ठिपक्यांवर."

मी म्हटलं, पण का?

ती खिडकीकडे बघायला लागली. म्हणाली, "तुला एकदा शाळेतून काढलं मी. ते मास्तर तुला शिकवत होते, तू घरी येऊन मला शिकवत होतास. दुखतंय म्हटलं असतं तर त्यांनी पट्टी बंद केली असती. मग काय, पुन्हा इस्त्री. दुसऱ्यांदा कशी काढू?"

मला वाटलं होतं, मी जाऊ नये म्हणून ती जखम ठेवते आहे. १७ फेब्रुवारीचं ते वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

मी म्हटलं, निदान दोरा तरी कापायचा. ती म्हणाली, शब्द दिला होता.

सोमवार, १८ मार्च

मास्तरांना ड्रेसिंगवरून काढलं, चौकशी चालू आहे. पुन्हा मोजलेल्यांत आणखी एक जण निघाला, म्हातारा पहारेकरी. त्याची पट्टी वेळेत सुटली. रस्त्यात मास्तरांची बायको भेटली, ती माझ्याकडे न बघता गेली. प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव नाही. कुणी घातलंच नव्हतं. डॉक्टरबाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं.

आता जखमेवर साधं ड्रेसिंग आणि हलकी पट्टी. रक्त नीट उतरतंय म्हणून हलका दाब चालतो. बांधायला डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आत्यानं पाय पुढे केला आणि तशीच बसून राहिली. बांधली. प्रत्येक वेढ्याला विचारलं, दुखतंय का. सातव्या वेढ्याला म्हणाली, आता विचारणं दुखतंय.

सोमवार, २२ एप्रिल

जखम ४. मोजणी दोनदा केली.

आज तपासणीला पहिल्यांदाच चालत गेलो. काठी आहे, दोन बोटं नसल्यानं चाल जरा तिरकी पडते. औषधाचं दुकान मागे गेलं. चाव्या करणारा मागे गेला. आत्या इस्त्रीच्या नव्या टेबलाबद्दल बोलत होती, बसून काम करता येईल असं बुटकं हवं म्हणत होती.

शिंप्याचं दुकान आलं. पाटीवर अजून ‘शीलाई’च आहे. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बोलत बोलत पुढे गेली.

मी तिथं थांबलो होतो. चांगली पंधरा-वीस पावलं पुढे गेल्यावर तिला कळलं, मी सोबत नाही. वळली, काठीवर टेकली आणि म्हणाली, "काय रे, तुझी पोटरी दुखायला लागली का?"